दुहेरी बंधाची गिरकी

‘डालडा आणि प्लास्टिकमध्ये फक्त एका रेणूचा फरक!’ हा मेसेज गेल्या आठवड्यात पुन्हा येऊन थडकला. पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड यांच्यात एकाच अणूचा फरक आहे, म्हणून काय आपण पाणी सोडलं? वनस्पती तुपातली खरी भानगड याहून मजेदार आहे: एकाही अणूचा फरक नसताना पदार्थ बदलतो.

शेंगदाण्याच्या तेलातलं ओलेइक आम्ल घ्या. अठरा कार्बनची साखळी, मधोमध दोन कार्बनांमध्ये एक दुहेरी बंध. त्या बंधाजवळचे दोन्ही हायड्रोजन एकाच बाजूला असतात, त्यामुळे साखळी तिथे वाकते. बाभळीच्या वाकड्या फांद्यांची मोळी कधी घट्ट बसत नाही, तसे हे रेणू. म्हणून तेल पातळ. ते घट्ट करायला कारखान्यात निकेलच्या सान्निध्यात हायड्रोजन सोडतात. निकेलवर दुहेरी बंध उघडतो, एक हायड्रोजन चिकटतो. पण दुसरा यायच्या आतच कधी कधी एक हायड्रोजन सुटून जातो आणि बंध पुन्हा जुळतो. मधल्या क्षणी तिथे एकेरी बंध होता आणि एकेरी बंधाभोवती साखळी गिरकी घेऊ शकते. जुळताना हायड्रोजन समोरासमोरच्या बाजूंना गेले, की झालं ट्रान्स! साखळी उसासारखी सरळ, मोळी घट्ट. ओलेइक आम्ल १३-१४ अंशांना वितळतं, हा त्याचा ट्रान्स भाऊ ४४ च्या आसपास. हायड्रोजन भरणं अर्धवट सोडलं की हे भाऊ उरतात; पूर्ण भरलं तर दुहेरी बंधच उरत नाहीत, पण तूप मेणासारखं कडक होतं.

असे ट्रान्स बंध असलेला मेद म्हणजे ट्रान्स फॅट. ते रक्तातलं एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) वाढवतं आणि वर एचडीएल (चांगलं कोलेस्टेरॉल) घटवतं. डेन्मार्कने २००३ मध्येच त्यावर २ टक्क्यांची मर्यादा घातली. आपल्या एफएसएसएआयने (केंद्र सरकारच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) तेल-तुपासाठी ती २०२१ मध्ये ३ आणि २०२२ पासून २ टक्क्यांवर आणली. तीच तयार खाद्यपदार्थांनाही लागू केली. मात्र हे २ टक्के पदार्थातल्या एकूण तेल-तुपाचे, पदार्थाच्या वजनाचे नव्हेत. कारखान्यात तयार होणारं ट्रान्स फॅटच त्यात धरतात; गाईम्हशींच्या दुधातुपात थोडं मुळातच असतं, ते नाही.

आता बरेच उत्पादक पाम तेलाकडे वळलेत. ते आपसूकच निमघट्ट असतं, पण संपृक्त मेदामुळे, म्हणजे दुहेरी बंध नसलेल्या सॅच्युरेटेड फॅटमुळे. त्यामुळे बिस्किटाच्या पुड्यावर ‘ट्रान्स फॅट ० ग्रॅम’ दिसलं, तर त्याच तक्त्यात सॅच्युरेटेड फॅटचा आकडाही बघा. बेकरीच्या बरणीतल्या सुट्या खारीला मात्र तक्ताच नसतो.