दुबई-अबुधाबीच्या शाळेत नोकरी लागली? आधी कागद बघू

ऑफर लेटर आलं की बहुतेक शिक्षक पहिला प्रश्न विचारतात, "अ‍ॅपोस्टिल किती दिवसांत होईल?" दुबई, अबुधाबी, शारजा इथल्या शाळेसाठी अ‍ॅपोस्टिलचा उपयोग नाही. अ‍ॅपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, जो त्यासाठीच्या करारातले देश वकिलातीच्या शिक्क्याशिवाय मानतात. भारत २००५ पासून हेग अ‍ॅपोस्टिल करारात आहे, पण संयुक्त अरब अमिराती त्यात नाही. कतार आणि कुवेतही नाहीत. या देशांना त्यांच्या वकिलातीचा शिक्का लागतो. ओमान आणि बहरीन मात्र करारात आहेत, सौदी अरेबियासाठी तो डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. तिथे जाणार असाल तर परराष्ट्र मंत्रालयाच्या अ‍ॅपोस्टिलवर काम भागतं. परदेशी नोकरीच्या कागदांवर हे शिक्के करून देणं हे आमचं काम, म्हणून आमच्याकडे आल्यावर आम्ही आधी देश विचारतो, मग कागद हातात घेतो.

अमिरातीसाठी पदवी आणि बी.एड. प्रमाणपत्राचा प्रवास असा: राज्याचा शिक्षण विभाग, मग परराष्ट्र मंत्रालय, मग अमिरातीची वकिलात, आणि तिथे पोचल्यावर त्यांचं परराष्ट्र मंत्रालय. प्रत्येक कार्यालय फक्त आधीच्या शिक्क्याची आणि सहीची खातरजमा करतं, त्यामुळे मधली पायरी गाळून पुढे जाता येत नाही. परराष्ट्र मंत्रालय कागद थेट खिडकीवर घेत नाही, नेमलेल्या एजन्सींमार्फतच घेतं. मंत्रालयाची स्वतःची फी अगदी किरकोळ आहे: साध्या साक्षांकनाला काहीच नाही, अ‍ॅपोस्टिलला कागदामागे ५० रुपये. बाकीचा खर्च वकिलातीची फी, एजन्सी, कुरिअर आणि आमची सेवा यांचा. आमच्या बिलात हे आकडे वेगवेगळ्या ओळींत असतात. कुठेही एकरकमी आकडा सांगितला तर फोड मागून घ्या.

शिक्के वेळेत होतात. काम अडतं ते नावावर. आपल्याकडे बऱ्याच गुणपत्रिकांवर आडनाव आधी येतं, आणि लग्नानंतर वडिलांच्या नावाच्या जागी नवऱ्याचं. पदवीवर 'जोशी स्नेहल अनिल' आणि पासपोर्टवर 'स्नेहल समीर देशपांडे' यात आपल्याला काही खटकत नाही. तिकडच्या कारकुनाला मात्र या सरळ दोन बाया दिसतात. अशा वेळी विवाह नोंदणी प्रमाणपत्र हाच दुवा. ते नोंदणी कार्यालयाचं हवं. आळंदीच्या मंगल कार्यालयाने दिलेला कागद चालत नाही. सोबत दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र आम्ही तयार करून देतो. लग्नात पहिलं नावही बदललं असेल तर राज्य शासनाच्या राजपत्रातली नोंद काढावी लागते. ती नसेल तर बाकी सगळं थांबवून आधी तीच करा. स्पेलिंगमध्ये एखादं अक्षर कमीजास्त असेल तर तेही आत्ताच सांगा, लपवू नका. पासपोर्टचं नूतनीकरण करायचं असल्यास शाळा मागवते तो अमिरातीचा प्रवेश परवाना निघण्याआधी उरका, कारण परवान्यावर पासपोर्टचाच क्रमांक असतो.

पदवी प्रमाणपत्र पदवीदान समारंभानंतर मिळतं ते मूळ हवं, तात्पुरतं नको. लॅमिनेशन केलेलं असेल तर काढावं लागेल, कारण शिक्के मूळ कागदाच्या पाठीमागे बसतात. घरी इस्त्री फिरवून काढायला जाऊ नका. शाई निघाली तर विद्यापीठातून दुसरी प्रत मिळवताना शाळेचं सत्र सुरू होऊन जाईल. मुक्त विद्यापीठाची किंवा बहिःस्थ पदवी असेल तर पहिल्याच भेटीत बोला. पदवीच्या समकक्षतेसाठी, म्हणजे ती तिकडच्या पदवीच्या बरोबरीची धरली जावी यासाठी, शिक्षण नियमित होतं की दूरस्थ, हे तिकडे विचारलं जातं, आणि त्याचं पत्र विद्यापीठातून आणायला वेळ लागतो.

पोलीस क्लिअरन्स, म्हणजे गुन्ह्याची नोंद नसल्याचं प्रमाणपत्र, पासपोर्ट कार्यालयातून मिळतं, फी ५०० रुपये. हा कागद ताजा लागतो, म्हणून तो सगळ्यात शेवटी काढा.

व्हिसाबद्दल थोडक्यात. तो आम्ही 'काढून देत' नाही, तुमची शाळा काढते. शाळा आधी प्रवेश परवाना मागवते. तुम्ही पोचल्यावर रक्ततपासणी आणि छातीचा एक्स-रे, मग एमिरेट्स आयडी या तिथल्या ओळखपत्रासाठी बोटांचे ठसे. खासगी शाळेत निवास परवाना साधारण २ वर्षांचा असतो. भरतीचा आणि व्हिसाचा खर्च शिक्षकाकडून घ्यायला अमिरातीच्या कामगार कायद्यात मनाई आहे, तेव्हा 'व्हिसा फी' म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. "आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू" म्हणणाऱ्या शाळेला आमचा सल्ला नकारच आहे.

नवरा किंवा बायको, मुलं यांना नेणार असाल तर विवाह आणि जन्म प्रमाणपत्रंही याच खेपेत शिक्के मारून घ्या. कुटुंबाला बोलावण्यासाठी पगार किमान ४,००० दिरहम, किंवा ३,००० अधिक राहण्याची सोय असावी लागते. शिक्षिका आपल्या नवऱ्यालाही बोलावू शकते.

आम्ही नोकरी लावून देत नाही. परदेशी भरती करणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी असावी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर तपासता येते. नोंदणीकृत एजंटालाही ३०,००० रुपये अधिक जीएसटी याहून जास्त घेता येत नाही.

अमिरातीतल्या भारतीय अभ्यासक्रमाच्या शाळांचं वर्ष उन्हाळ्याच्या तोंडावर, एप्रिलमध्ये सुरू होतं; ब्रिटिश आणि अमेरिकन अभ्यासक्रमाच्या शाळा ऑगस्टच्या अखेरीस उघडतात. एप्रिलसाठी जायचं असेल तर कागद डिसेंबरात आणलेले बरे. येताना पासपोर्ट, ऑफर लेटर, मूळ प्रमाणपत्रं आणि प्रत्येकाच्या दोन झेरॉक्स आणा. मूळ कागद आमच्याकडे दिल्यावर प्रत्येकाची नोंद असलेली पावती घेतल्याशिवाय जाऊ नका. स्कॅन केलेली प्रतही त्याच दिवशी तुमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर येईल.