कोळशाचा फुटबॉल आणि १९२५ चं अडकलेलं विजेतेपद

सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगची फायनल, आपल्याकडे सोमवारी पहाटे लागतो आणि गजर लावून तो बघणाऱ्यांना बेअर्स, पॅकर्स, कार्डिनल्स ही नावं पाठ असतात, पण ती आली कुठून आणि जी टीम आता कुठेच दिसत नाही ती गेली कुठे, हे फारसं कुणी सांगत नाही. मला तर मॅचपेक्षा हा जुना इतिहासच जास्त ओढतो, कारण आजचा हा अब्जावधी डॉलर्सचा कारभार सुरू झाला तो स्टार्चच्या फॅक्टरीतून, मांसाच्या डब्यांतून, कुत्र्यांच्या धंद्यातून आणि कोळशाच्या खाणींतून.

सुरुवात ओहायोमधल्या कँटन गावात. १७ सप्टेंबर १९२०, राल्फ हे नावाच्या माणसाची हपमोबाईल गाड्यांची शोरूम. हा माणूस गाड्या विकायचा आणि कँटन बुलडॉग्ज टीमचा मालकही होता. मीटिंगला माणसं जास्त आली, खुर्च्या कमी पडल्या, म्हणून बरेचजण विकायला ठेवलेल्या गाड्यांच्या पायऱ्यांवरच बसले आणि तिथेच लीग ठरली. प्रत्येक टीमने १०० डॉलर भरायचे असं ठरलं, पण ते कुणीच भरले नाहीत असं खुद्द तिथे हजर असलेला जॉर्ज हॅलास पुढे सांगायचा. दोन वर्षांनी याच लीगचं नाव एनएफएल, म्हणजे नॅशनल फुटबॉल लीग, झालं. पहिल्या सीझनला खेळलेल्या टीम्सपैकी आज फक्त दोन शिल्लक आहेत, बेअर्स आणि कार्डिनल्स.

हॅलास तेव्हा इलिनॉयमधल्या डिकेटर गावात स्टॅली कंपनीच्या नोकरीत होता. कंपनी मक्याचा स्टार्च बनवायची, खेळाडू फॅक्टरीत काम करायचे आणि त्यांना प्रॅक्टिससाठी वेळ मिळायचा, म्हणून टीमचं नाव डिकेटर स्टॅलीज. पुढच्याच वर्षी मालकाला खर्च झेपेना, तेव्हा त्याने टीम हॅलासच्या हवाली केली, शिकागोला घेऊन जा म्हणाला, वर ५,००० डॉलर दिले, अट एकच, की एक सीझन स्टॅलीज हे नाव चालू ठेवायचं. १९२२ मध्ये अट संपली आणि नवीन नाव शोधायची वेळ आली. मॅचेस व्हायच्या कब्ज या बेसबॉल टीमच्या मैदानावर, कब म्हणजे अस्वलाचं पिल्लू, आणि फुटबॉलवाले गडी बेसबॉलवाल्यांपेक्षा धिप्पाड, म्हणून बेअर्स.

पॅकर्स म्हणजे पॅकिंग करणारे, अगदी शब्दशः. ग्रीन बे गावात १९१९ ला कर्ली लॅम्बो हा तरुण इंडियन पॅकिंग कंपनीत, म्हणजे डबाबंद मांसाच्या कंपनीत कामाला होता, त्याने कंपनीकडून कपड्यांसाठी ५०० डॉलर मिळवले आणि कंपनीचं नाव टीमला चिकटलं. कंपनी लवकरच दुसऱ्याला विकली गेली, नाव मात्र शंभर वर्षं टिकलंय. १९२३ पासून या टीमचे मालक म्हणजे तिचे शेअरहोल्डर, आज ५ लाखांपेक्षा जास्त, आणि त्यांना डिव्हिडंड कधीच मिळत नाही. लाखभर वस्तीच्या गावात टीम टिकून राहिली ती यामुळेच, नाहीतर कधीच एखाद्या मोठ्या शहराने उचलून नेली असती.

लारू गावाचं नशीब एवढं चांगलं नव्हतं. ओहायोमधलं हजारपेक्षाही कमी वस्तीचं हे गाव, एनएफएलची टीम असलेलं आजवरचं सगळ्यात छोटं. वॉल्टर लिंगो तिथे एअरडेल जातीचे कुत्रे पाळून विकायचा, एकेक कुत्रा १५० डॉलरला, आणि लीगमधली जागा त्याला पडली १०० डॉलरला. टीमचं नाव ऊरंग इंडियन्स, ऊरंग हे त्याच्या केनेलचं नाव. सगळे खेळाडू मूळनिवासी अमेरिकन आणि त्यांचा म्होरक्या जिम थॉर्प, ज्याने १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिंपिकमध्ये दोन गोल्ड मिळवली होती आणि पुढच्याच वर्षी, आधी पैसे घेऊन बेसबॉल खेळला होता एवढ्या कारणावरून ती काढून घेतली गेली. लारूत मैदानच नव्हतं, त्यामुळे होम मॅच दुसऱ्या गावी. हाफटाइमला बाकीच्या टीम्स दम खायच्या, तर हे खेळाडू मैदानात कुत्र्यांच्या कसरती दाखवायचे, नाच करायचे, टॉमहॉक म्हणजे छोट्या कुऱ्हाडी फेकायचे, आणि लगेच पुन्हा मॅच. दोन सीझनमध्ये मिळून चारच मॅच जिंकले आणि १९२३ नंतर टीम बंद. टीम काढलीच होती कुत्र्यांच्या जाहिरातीसाठी, त्यामुळे एवढ्या दर्जाचा खेळाडू तिथे असं काम करत होता याचं मला आजही वाईट वाटतं.

पण ज्यासाठी हे सगळं लिहायला घेतलं ती गोष्ट पॉट्सव्हिलची. पेनसिल्व्हेनियातलं कोळशाच्या खाणींचं गाव, अँथ्रासाइट म्हणजे तो कडक चकचकीत कोळसा. टीमचे मालक डॉ. जॉन स्ट्रिगल हे सर्जन. जर्सी मागवताना रंग कुठलाही चालेल असं सांगितलं, आल्या मरून रंगाच्या, म्हणून टीम पॉट्सव्हिल मरून्स. टोनी लॅटोन हा त्यांचा गडी वडील गेल्यामुळे अकराव्या वर्षापासून खाणीत होता, कोळशाच्या गाड्या ढकलून ढकलून त्याचे पाय असे झाले होते की त्याला अडवायला समोर दोघं-तिघं लागायचे.

योगायोग बघा, १९२५ च्या विजेतेपदासाठी ज्यांच्याशी पॉट्सव्हिलची गाठ पडली त्या शिकागो कार्डिनल्सचं नावही जर्सीवरूनच पडलेलं. १९०१ मध्ये त्यांच्या मालकाने, ख्रिस ओब्रायनने, शिकागो युनिव्हर्सिटीच्या वापरलेल्या जर्सी घेतल्या, त्या मूळच्या मरूनच, पण धुवून धुवून विटलेल्या. कुणीतरी नावं ठेवली तर ओब्रायन म्हणाला, हा मरून नाहीच, हा कार्डिनल रेड आहे. तेच नाव आज ॲरिझोनात आहे.

तेव्हा फायनल वगैरे प्रकार नव्हता, सीझन संपल्यावर जिंकण्याची टक्केवारी बघून विजेता ठरायचा. ६ डिसेंबर १९२५ ला या दोन टॉपच्या टीम्स शिकागोत भिडल्या आणि पॉट्सव्हिलने २१-७ ने मॅच मारली. विषय संपायला हवा होता. पण १२ डिसेंबरला पॉट्सव्हिलची टीम फिलाडेल्फियात नोटर डेम कॉलेजच्या गाजलेल्या माजी खेळाडूंशी एक वेगळी मॅच खेळली. त्या काळात कॉलेजचा फुटबॉल म्हणजे खरा फुटबॉल आणि पैसे घेऊन खेळणारे दुय्यम असंच लोक मानायचे, आणि पॉट्सव्हिलने ती ९-७ अशी जिंकली, चार्ली बेरीच्या किकवर. अडचण एवढीच की फिलाडेल्फिया हा फ्रँकफर्ड यलो जॅकेट्स या टीमचा इलाका आणि त्यांनी तक्रार केली. लीगचे प्रेसिडेंट जो कार यांनी आधीच मनाई केली होती, स्ट्रिगल यांचं म्हणणं की लीगच्या ऑफिसने फोनवर परवानगी दिली होती. पॉट्सव्हिलला सस्पेंड केलं आणि विजेतेपद गेलं.

आणि मिळालं कुणाला, तर कार्डिनल्सना, ज्यांनी टक्केवारी वाढवायला त्याच आठवड्यात घाईघाईने दोन जास्तीच्या मॅच उरकल्या. त्यातली एक मिलवॉकी टीमशी, ५९-० ने जिंकलेली, आणि मिलवॉकीकडून मैदानात उतरली होती शिकागोच्या एका हायस्कूलची चार पोरं! त्याबद्दल दंड झाले, मिलवॉकीच्या मालकाला टीम विकायला लावली, पण निकाल तसाच राहिला. ओब्रायनला मी मानतो, त्याने ते विजेतेपद घ्यायला नकार दिला, मैदानावर हरवलंय त्यांनी आम्हाला, मग आम्ही कसले विजेते, ही त्याची भूमिका. पुढे १९३० च्या दशकात टीम बिडविल कुटुंबाकडे गेली आणि त्यांनी मात्र १९२५ वर हक्क सांगितला तो आजतागायत.

मरून्स १९२८ नंतर पॉट्सव्हिलमधून गेल्या, बॉस्टनला एक सीझन खेळून बंद पडल्या. गाव काही हे विसरलं नाही. २००३ मध्ये प्रकरण परत लीगसमोर आणलं, फक्त पुन्हा विचार करा एवढीच मागणी, तर मालकांच्या मतदानात ३०-२ ने फेटाळलं. बाजूने पडलेली दोन मतं फिलाडेल्फिया ईगल्स आणि पिट्सबर्ग स्टीलर्सची, दोन्ही पेनसिल्व्हेनियाच्याच टीम्स. नियम मोडला असेल तर दंड करा, सस्पेंड करा, पण मैदानावर लागलेला निकाल कागदावर फिरवू नका, असं मला तरी वाटतं आणि ठामपणे वाटतं.

लीगने ट्रॉफी दिली नाही म्हणून पॉट्सव्हिलवाल्यांनी स्वतःच बनवली, अँथ्रासाइटचा तुकडा कोरून, काळाभोर, फुटबॉलच्या आकाराची. ती आज कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे फुटबॉलच्या म्युझियममध्ये, ठेवलेली आहे, राल्फ हेच्या शोरूमच्या त्याच गावात, आणि अधिकृत यादीत १९२५ समोर अजून कार्डिनल्सचं नाव आहे.