व्हीआर गेम अडकतोय? नवीन कार्ड घेण्याआधी हे वाचा

आमच्याकडून व्हीआर हेडसेट किंवा गेमिंग पीसी घेतलेल्या ग्राहकांसाठी

हेडसेट घरी गेला की दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी फोन येतो, आणि बहुतेक वेळा तो असाच असतो: "गेम अडकतोय, डोकं गरगरतंय, मोठं कार्ड टाकायचं का?" ग्राफिक्स कार्ड, म्हणजे पीसीतला चित्र काढणारा भाग, विकणं हा आमचा धंदाच, त्यामुळे 'टाका' म्हणणं आम्हाला सोपं आहे. पण कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या टेबलावर इतकी मशीनं उघडून झाली, की आता खात्रीने सांगतो: दर वेळी दोष कार्डाचा नसतो. कुणी सगळं अल्ट्रावर, म्हणजे सगळ्यात वरच्या सेटिंगवर, चढवून ठेवलेलं असतं, कुणाचा राऊटर लोखंडी कपाटामागे असतो, तर कुणी लॅपटॉप गादीवर ठेवून खेळत असतं. यातलं जे घरच्या घरी, पैसे न घालता सुटतं, तेवढं या पत्रकात आहे.

एवढी ताकद जाते कुठे?

मॉनिटरवर सगळं अल्ट्रावर पळणारं मशीन हेडसेट लावला की धापा टाकायला लागतं, याचं लोकांना नवल वाटतं. जरा हिशोब करू. फुल एचडी मॉनिटरवर 1920 गुणिले 1080, म्हणजे पावणेएकवीस लाखांच्या आसपास पिक्सेल. मेटाच्या क्वेस्ट 3 हेडसेटमध्ये एका डोळ्यापुढे 2064 गुणिले 2208, दोन्ही डोळ्यांचे मिळून 91 लाख. मॉनिटरवर सेकंदाला 60 फ्रेम, म्हणजे 60 चित्रं, धरली तर साडेबारा कोटी पिक्सेल होतात. हेडसेटवर 90 फ्रेम धरा, 82 कोटी होतात. वर आणखी एक खर्च असतो. भिंगातून चित्र वाकडं दिसतं, म्हणून कॉम्प्युटर ते आधीच उलट्या बाजूने वाकवून पाठवतो. त्या ओढाताणीत मधला भाग धूसर होऊ नये म्हणून मुळातलं चित्र पडद्यापेक्षा मोठं काढावं लागतं. स्टीमव्हीआरमध्ये (पीसीवर व्हीआर गेम चालवणारं सॉफ्टवेअर) 100 टक्क्यांच्या समोर जो आकडा दिसतो तो पडद्याच्या आकड्यापेक्षा मोठा असतो, तो यामुळेच. ती चूक नव्हे.

2016 साली ऑक्युलस रिफ्ट आला तेव्हा दोन्ही डोळ्यांचे मिळून 26 लाख पिक्सेल होते आणि जीटीएक्स 970 कार्ड पुरेसं मानलं जायचं. 'व्हीआरला एवढं चालतं' म्हणून तेव्हाची यादी अजून मोबाईलवर फिरत असते. तिच्यावर जाऊ नका.

खरी गोष्ट वेळेची आहे. हेडसेट 90 हर्ट्झवर असेल, म्हणजे सेकंदाला 90 वेळा चित्र बदलत असेल, तर एक फ्रेम 11.1 मिलिसेकंदांत तयार व्हावी लागते. 72 वर 13.9 मिलिसेकंद मिळतात, 120 वर फक्त 8.3. मॉनिटरवर एखादी फ्रेम चुकली तर कळतसुद्धा नाही. हेडसेटमध्ये मात्र तुमची मान वळलेली असते, कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग म्हणतो 'वळलो', आणि डोळे म्हणतात 'अजून तिथंच आहे'. मळमळ सुरू होते ती इथून. म्हणून सरासरी एफपीएसला (सेकंदाला किती फ्रेम) आम्ही फारशी किंमत देत नाही. सरासरी 85 दाखवून मधूनच गचके देणाऱ्या गेमपेक्षा 72 वर एकसारखा चालणारा गेम कधीही चांगला.

आधी दुखणं कुठे आहे ते बघा

एकदम दहा सेटिंग बदलू नका. नक्की कशाने फरक पडला ते मग आम्हालाही सांगता येत नाही.

सगळ्यात सोपी परीक्षा अशी: स्टीमव्हीआरमध्ये रेझोल्यूशन (चित्रातल्या पिक्सेलची संख्या) 50 टक्क्यांवर आणा आणि तोच गेम, त्याच जागी, दोन मिनिटं खेळा. चित्र खरबरीत दिसेल, दिसू द्या. गचके थांबले तर भार ग्राफिक्स कार्डावर होता. काहीच फरक पडला नाही तर कार्ड निर्दोष; दोष प्रोसेसरचा, मागे चालू असलेल्या सॉफ्टवेअरचा किंवा वाय-फायचा. आणखी नेमकं बघायचं असेल तर स्टीमव्हीआरच्या सेटिंगमध्ये परफॉर्मन्स ग्राफ चालू करा. जीपीयू (ग्राफिक्स कार्ड) आणि सीपीयू (प्रोसेसर) यांचे मिलिसेकंद वेगवेगळे दिसतात. वरचा 11.1 चा आकडा लक्षात ठेवा आणि कोण तो ओलांडतंय ते बघा.

नुसत्या डोळ्यांनीही बरंच कळतं. मान झटकन वळवल्यावर कडेला काळी पट्टी दिसली, तर फ्रेम उशिरा पोचते आहे. चित्रात चौकोनी ठोकळे पडले किंवा झाडंझुडपं चिखलासारखी दिसली आणि त्याच वेळी मॉनिटरवर गेम स्वच्छ दिसत असेल, तर वायरलेसचा घोळ आहे. हलणाऱ्या हाताभोवती हवा थरथरल्यासारखी, पाण्यातून बघितल्यासारखी दिसली, तर कॉम्प्युटर अर्ध्याच फ्रेम खऱ्या काढतोय आणि उरलेल्या अंदाजाने भरतोय. मेटाच्या सॉफ्टवेअरमध्ये याला स्पेसवॉर्प म्हणतात, स्टीमव्हीआरमध्ये मोशन स्मूदिंग. 90 चा हेडसेट अशा वेळी 45 खऱ्या फ्रेमवर चालतो. विमान उडवण्याच्या गेममध्ये हे खपून जातं, पण तलवारबाजीत किंवा ठोके पकडायच्या गेममध्ये चिडचिड होते. पहिली पंधरा-वीस मिनिटं झकास आणि मग अडकायला लागलं, तर सेटिंगला हातच लावू नका. मशीन तापतंय.

कार्डावर भार असेल तर

पहिल्यांदा रिफ्रेश रेट, म्हणजे वरचा हर्ट्झचा आकडा. 120 हा आकडा मोहात पाडतो, पण कुस्तीत सत्तावन्न किलोच्या गड्याला सत्त्याण्णवच्या गटात उतरवून उपयोग काय? मधल्या किमतीच्या कार्डाला 72 किंवा 80 द्या आणि तिथं गेम एकसारखा चालतो का बघा. 90 वरून 72 वर आलात की कार्डाचं काम वीस टक्क्यांनी कमी होतं, आणि चित्राच्या स्वच्छतेला धक्का लागत नाही.

मग रेझोल्यूशन. इथं एक खड्डा आहे आणि त्यात जवळजवळ प्रत्येक जण पडतो. क्वेस्ट केबलने जोडून स्टीमचा (गेमचं ऑनलाइन दुकान) गेम खेळत असाल तर रेझोल्यूशन तीन ठिकाणी असतं: मेटाच्या पीसीवरच्या ॲपमध्ये, स्टीमव्हीआरमध्ये आणि खुद्द गेममध्ये. हे तिन्ही आकडे एकमेकांना गुणले जातात. एका ठिकाणी 'जरासं', दुसऱ्या ठिकाणी 'जरासं' असं वाढवत गेलात की काम दुपटीवर जातं आणि दोष कार्डाला. गेममधला आकडा 100 वर किंवा 1.0 वर ठेवा, मेटाचा आहे तिथं राहू द्या, आणि काय ते कमी-जास्त फक्त स्टीमव्हीआरमध्ये करा. तिथले टक्के एकूण पिक्सेलचे असतात. त्यामुळे 70 टक्के केलं की काम तीस टक्क्यांनी हलकं होतं, पण लांबी-रुंदी साधारण सोळा टक्क्यांनीच घटते. डोळ्याला वाटतं त्यापेक्षा फायदा जास्त आहे.

आता गेममधली यादी. शॅडो सगळ्यात आधी खाली आणा. हायवरून मिडियमवर आणल्यावर फरक शोधावा लागतो, पण मिलिसेकंद भरपूर वाचतात. त्यापाठोपाठ धुकं-धूर आणि उजेडाच्या तिरिपा, म्हणजे व्हॉल्युमेट्रिक नावाचं जे काही असेल ते, आणि ॲम्बियंट ऑक्लूजन (कोपऱ्या-फटींतल्या हलक्या सावल्या). स्क्रीन-स्पेस रिफ्लेक्शन (पाणी-फरशीतली प्रतिबिंबं) सरळ बंद करा. ते दोन डोळ्यांना वेगवेगळं दिसतं आणि नुसतं खुपत राहतं. मोशन ब्लर, डेप्थ ऑफ फील्ड, फिल्म ग्रेन ही तर मॉनिटरवरची नखरेल मंडळी. हेडसेटमध्ये यांची गरज नाही.

टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) मात्र घाईने कमी करू नका. कार्डाच्या मेमरीत ती मावत असतील तर हायवर ठेवूनही वेग सहसा पडत नाही. मावत नसतील तर मोठे, थांबून थांबून येणारे गचके बसतात. तेव्हाच एक पायरी उतरा.

अँटी-अलायझिंग, म्हणजे दातेरी कडा गुळगुळीत करणं, हा विषय आमच्या दुकानात वादाचा आहे. आमचं मत असं की त्यातला एमएसएए हा प्रकार 2 किंवा 4 वर मिळत असेल तर तेच घ्या, भले त्यासाठी रेझोल्यूशन थोडं कमी करा. भिंगामागून प्रत्येक पिक्सेल मोठा दिसतो, त्यामुळे कडा चमचमायला लागल्या की डोळे दमतात. टीएए हा दुसरा प्रकार कार्डाला स्वस्त पडतो पण लांबच्या पाट्या पुसून टाकतो. आमच्या मेकॅनिकला टीएए आवडतं. तुम्ही दोन्ही लावून बघा.

प्रोसेसर दमत असेल तर

वरचं सगळं करून उपयोग नाही. इथं लांबवरचं दिसणारं अंतर, रस्त्यावरची गर्दी, ट्रॅफिक आणि रेसिंगमधल्या विरोधी गाड्यांची संख्या कमी करायची. गाडीचे आरसेही बघा: प्रत्येक आरशासाठी मागचा रस्ता पुन्हा काढावा लागतो. मागे उघडा असलेला ब्राऊझर, रेकॉर्डिंग, कीबोर्डचे रंगीत दिवे चालवणारी सॉफ्टवेअरं बंद करा.

वायरलेस खेळत असाल तर

मंगळवार पेठेतले एक ग्राहक मोठं कार्ड घ्यायच्या तयारीने आले होते. घरी जाऊन बघितलं तर राऊटर खालच्या मजल्यावर, मध्ये स्लॅब आणि कपाट, आणि पीसीसुद्धा त्याच वाय-फायवर. राऊटर खेळायच्या खोलीत आणला, पीसीला लॅन केबल जोडली, हेडसेट 5 गिगाहर्ट्झवर घेतला. कार्ड जुनंच राहिलं. आमचं गिऱ्हाईक गेलं, पण चहा मिळाला.

त्यानंतरही ठोकळे दिसले तर बिटरेट (सेकंदाला हेडसेटकडे जाणारी माहिती) थोडा कमी करा. क्वेस्ट 3 आणि आरटीएक्स 40 मालिकेचं कार्ड असेल तर व्हर्च्युअल डेस्कटॉप या ॲपमध्ये एव्ही1 कोडेक (चित्र दाबून लहान करायची पद्धत) लावून बघा. केबल वापरत असाल तर ती यूएसबी 3 ची आणि यूएसबी 3 च्याच पोर्टात आहे ना, हे आधी तपासा. फोनच्या चार्जरची केबल चालते, पण रडतखडत.

उन्हाळा, पावसाळा आणि जेवण

एप्रिल-मेमध्ये पत्र्याखालच्या खोलीत दुपारी खेळू नका. कार्ड तापलं की स्वतःच वेग उतरवतं. लॅपटॉप टेबलावर आणि चार्जर लावूनच. पावसाळ्यात भिंगांवर वाफ धरते: हेडसेट थोडा वेळ चालू ठेवून मग घाला, आणि पुसायला कोरडं मायक्रोफायबर कापड घ्या, स्पिरिट नको. हेडसेट खिडकीत किंवा गच्चीवर उन्हात ठेवू नका. भिंगातून ऊन एकवटून पडदा जळतो आणि ते वॉरंटीत बसत नाही.

चित्र सगळीकडेच पुसट वाटत असेल तर आधी दोन भिंगांमधलं अंतर आपल्या डोळ्यांशी जुळवा. मोठ्या माणसांत ते सरासरी 63 मिलिमीटरच्या आसपास असतं. ट्यूबलाईटखाली हात थरथरताना दिसले तर क्वेस्टच्या सेटिंगमध्ये ट्रॅकिंग फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झ करा, आपली वीज 50 चीच आहे.

मळमळायला लागलं की 'सवय होईल' म्हणत रेटू नका, लगेच हेडसेट काढा. पहिला आठवडा दहा-पंधरा मिनिटंच खेळा, चालण्याऐवजी टेलिपोर्ट (एकदम दुसऱ्या जागी पोचणं) निवडा, समोर पंखा लावा. आणि तांबडा-पांढरा ओरपून लगेच रोलर कोस्टरवर बसू नका. हे आम्ही अनुभवाने सांगतोय.

एवढं करूनही अडकत असेल तर पीसी, हेडसेट आणि तुम्ही वापरता तीच केबल घेऊन या. येताना गेमचं नाव, रिफ्रेश रेट, 50 टक्क्यांच्या परीक्षेत काय झालं आणि ग्राफवरचे दोन्ही आकडे कागदावर लिहून आणा. सोमवारी दुकान बंद असतं. इतर दिवशी संध्याकाळी पाचच्या आत आलात तर तुमच्यासमोरच मशीन लावून बघता येईल.