दुधाचं बिल निघायला वेळ लागतोय?
दूध संस्थांचे सचिव आणि बिलिंगचं काम बघणाऱ्यांसाठी

दहा दिवसांचं बिल लांबलं की उत्पादक संस्थेच्या दारात येतो आणि उत्तर सचिवांना द्यावं लागतं. पशुखाद्याची उधारी, मुलांची फी, घरखर्च, सगळं त्या पैशावर अवलंबून असतं. म्हणून बिल रेंगाळतंय असा फोन आला की आम्ही, म्हणजे तुमचं बिलिंग सॉफ्टवेअर सांभाळणारे, तो तातडीचा मानतो. बहुतेक फोनवर पहिला प्रश्न असतो, "नवीन कॉम्प्युटर घ्यावा लागेल का?" एवढ्यात घेऊ नका. आधी नेमकं कुठे अडतंय ते शोधू.

'बिल प्रोसेस' हे बटण एकच असलं तरी त्यामागे चार कामं होतात. संकलनाच्या नोंदी गोळा होतात, प्रत्येक नोंदीला फॅट-एसएनएफप्रमाणे (एसएनएफ म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) दर लागतो, कपाती वजा होतात आणि शेवटी बिलं व बँकेची यादी तयार होते. प्रत्येक कामाला किती मिनिटं लागली ते घड्याळ बघून कागदावर लिहा. चारही सारखीच मंद झाली असतील तर संशय मशीनवर. एकच रेंगाळत असेल तर मशीन बदलून पैसे जातील, दुखणं तसंच राहील.

नोंदी गोळा करताना वेळ जातोय?

सर्वात जास्त वेळा सापडणारा दोष हाच. ४०० उत्पादकांची संस्था धरा. सकाळ-संध्याकाळ मिळून दहा दिवसांच्या ८,००० नोंदी होतात, वर्षाच्या २,९२,००० आणि पाच वर्षांच्या १४ लाख ६० हजार. एका सभासदाच्या २० नोंदी हव्या असताना डेटाबेस (सगळ्या नोंदी साठवणारी आणि शोधून देणारी यंत्रणा) दर वेळी पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं चाळत असेल, तर ४०० सभासदांसाठी ५८ कोटींहून जास्त नोंदी वाचल्या जातात. सचिवांना हे सहज कळेल: एका सभासदाचा हिशेब काढायला पाच वर्षांची रोजकीर्द पान न् पान उलटायची, की खतावणीतलं त्याचं पान उघडायचं? डेटाबेसमधली खतावणी म्हणजे इंडेक्स. सभासद क्रमांक आणि तारीख यांचा मिळून इंडेक्स असला की हव्या त्या नोंदी थेट सापडतात. पहिल्या वर्षी झटपट निघणारं बिल दर वर्षी थोडं थोडं मंद होत गेलं असेल, तर बहुधा हेच कारण.

इंडेक्स असूनही तो वापरला जात नाही, असंही होतं. 'तारखेतून महिना काढून तो मे असेल तर' असं विचारलं, की प्रत्येक तारीख उघडून बघावी लागते. '२१ मे ते ३१ मे' असं विचारलं, की काम सरळ होतं. (३१ तारखेच्या महिन्यात शेवटचं बिल अकरा दिवसांचं असतं. त्या बिलाला थोडा जास्त वेळ लागला तर घाबरू नका.) ही दुरुस्ती आमच्या बाजूची आहे, तुम्ही काही करायचं नाही.

दर लावताना अडतंय?

फॅट ३.० ते ५.० आणि एसएनएफ ८.० ते ९.० असं दरपत्रक ०.१ च्या फरकाने मांडलं, तर सगळे मिळून २३१ दर होतात. एवढंसं पत्रक एकदाच वाचून मेमरीत ठेवता येतं. पण प्रत्येक नोंदीसाठी वायफायवरून सर्व्हरला (डेटाबेस असलेल्या मुख्य कॉम्प्युटरला) दर विचारला आणि एका फेरीला ५ मिलिसेकंद लागले, तर ८,००० फेऱ्यांचे ४० सेकंद नुसत्या ये-जा करण्यात जातात. बिल काढायचा कॉम्प्युटर वायरने जोडा. फरक लगेच दिसेल.

बिलं साठवताना अडतंय?

जुनी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० म्हणजे सेकंदाला १२० फेरे घेते. प्रत्येक नोंद वेगळी पक्की करत (डिस्कवर कायमची लिहीत) गेलं, तर प्रत्येकीला निदान एक फेरा लागतो, म्हणून ८,००० नोंदींना एक मिनिटाहून जास्त वेळ लागणारच. सगळ्या एकत्र पक्क्या केल्या तर काम सेकंदांत होतं. तरीही विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्के दिसत असेल तर एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. आम्ही खर्च सुचवतो तो इथेच. मात्र डिस्कमधून टकटक आवाज येत असेल तर वेगाचा विचार नंतर, आधी बॅकअप.

डेटाबेस चालवणाऱ्या मायएसक्यूएल या प्रोग्रामला मूळ सेटिंगमध्ये कामासाठी फक्त १२८ एमबी मेमरी दिलेली असते. कॉम्प्युटरला ८ जीबी रॅम असली तरी डेटाबेस तेवढ्यातच भागवतो. हे सेटिंग आम्ही भेटीत बदलून देतो.

दोन गोष्टी कृपया करू नका. वेग वाढावा म्हणून जुन्या नोंदी डिलीट करू नका, ऑडिटच्या वेळी त्या लागतात. आणि प्रोसेस चालू असताना कॉम्प्युटर बंद करू नका, नाहीतर काहींची कपात झालेली आणि काहींची राहिलेली असा घोळ होऊ शकतो.

फोन करण्यापूर्वी चारही कामांची मिनिटं, सभासदसंख्या, त्रास एकदम सुरू झाला की हळूहळू वाढला, आणि टास्क मॅनेजरचा फोटो एवढं जवळ ठेवा.