स्कूबा रेग्युलेटरला टॉर्क रेंच का लागतो?

टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोरापुरताच नट-बोल्ट आवळायचा पाना, हे हत्यार जन्माला आलं तेच मुळी हात आवरायला. 1918 साली न्यूयॉर्कच्या पाणीपुरवठा खात्यातल्या कॉनरॅड बार याने ते बनवलं. जमिनीखालच्या नळांची दुरुस्ती करताना बोल्ट गरजेपेक्षा जास्त आवळले जात, ते थांबवायचं होतं. ठरलेला जोर लागताच आवाज करून इशारा देणाऱ्या रॅचेट रेंचचं पेटंट बार आणि जॉर्ज फेफर्ल यांना 1937 मध्ये मिळालं. पुढे मात्र हा पाना रमला मोटारीच्या गॅरेजात. आजही दुकानात सहज मिळतो तो चाकांचे नट आवळायचाच.

पाण्याखाली सिलिंडरमधली हवा श्वास घेता येईल अशा दाबाला आणून देणाऱ्या रेग्युलेटरचं घराणं वेगळं. युद्धकाळात फ्रान्समध्ये पेट्रोल मिळेना, तेव्हा एमिल गान्यां हा इंजिनिअर गॅसवर मोटार चालवण्यासाठी झडप बनवत होता. त्याच झडपेतून 1943 मध्ये त्याने आणि जॅक कूस्तो याने पाण्याखाली श्वास घ्यायचं अॅक्वा-लंग हे उपकरण घडवलं. त्याला दोन जाड नळ्या होत्या आणि सगळी यंत्रणा पाठीवर होती. 1952 मध्ये मेलबर्नच्या टेड एल्ड्रेडने ‘पॉर्पस’ हा एका नळीचा सेट विक्रीला आणला. दाब पहिल्यांदा उतरवणारी फर्स्ट स्टेज सिलिंडरवर आणि तो श्वासापुरता आणणारी सेकंड स्टेज तोंडात, ही मांडणी तिथून रुळली. मग प्रेशर गेज, जादा रेग्युलेटर, तरंगायच्या जॅकेटची नळी अशी एकेक भर पडत गेली आणि फर्स्ट स्टेजवर आट्यांची भोकं वाढली. जुन्या सेटवर हाय प्रेशर आणि लो प्रेशर दोन्ही भोकं 3/8 इंची असायची. लो प्रेशरची नळी चुकून सिलिंडरच्या 200 बार दाबावर लागली तर काय, हा विचार करून हाय प्रेशरचं भोक पुढे 7/16 इंची केलं.

या जोडांमध्ये हवा अडवते ती ओ-रिंग, म्हणजे खाचेत बसणारी रबरी कडी. तिचं अमेरिकन पेटंट नील्स क्रिस्टेन्सनला 1939 मध्ये मिळालं. रिंग किती दाबली जाईल हे खाचेच्या मापावर ठरतं, त्यामुळे नळी हाताने बसवली तरी हवा बहुधा अडते. पाना लागतो तो नळी आपोआप सुटू नये एवढ्यापुरताच. नळ्यांसाठी उत्पादक साधारण 4 ते 5 न्यूटन-मीटर (आवळण्याच्या जोराचं एकक) सांगतात. फर्स्ट स्टेजची बॉडी बहुधा क्रोम चढवलेल्या पितळेची असते, आणि पितळेचे आटे एकदा गेले की गेले. तारकर्ली-मालवणकडे रोज खाऱ्या पाण्यात जाणाऱ्या सेटचे जोड मिठाने धरतात. सोडवताना लागलेल्या जोराने पुन्हा आवळायचा मोह होतो, तो टाळलेला बरा.

दुसरीकडे, फर्स्ट स्टेज सिलिंडरला पकडून ठेवणाऱ्या योक या चौकटीच्या नटाला कित्येकदा 30 न्यूटन-मीटरच्या आसपास लागतात. एका पान्यात दोन्ही कामं भागत नाहीत, कारण क्लिकवाला रेंच सहसा कमाल मापाच्या 20 टक्क्यांपासून वरच भरवशाचा मानतात. 20 ते 100 चा रेंच 5 साठी निरुपयोगी. 2 ते 10 असा छोटा रेंच आधी घ्यावा, असं माझं मत. मात्र टॉर्क रेंचसाठीच्या आयएसओ 6789 या आंतरराष्ट्रीय मानकात 10 न्यूटन-मीटरपर्यंतच्या क्लिक रेंचना 6 टक्के चूक चालते, त्यापुढच्यांना 4 टक्केच.

एककांचा घोळ हाही इतिहासाचाच वारसा. अमेरिकन मॅन्युअलमध्ये इंच-पाउंड असतात, युरोपियनमध्ये न्यूटन-मीटर. 40 इंच-पाउंड म्हणजे साडेचार न्यूटन-मीटर. तेच घाईत फूट-पाउंड वाचलं तर 54! एवढ्या जोराने नळीचं टोक तुटू शकतं.

शेवटची अडचण नळीचीच. तिच्यावरून सॉकेट जात नाही, म्हणून रेंचच्या टोकाला उघड्या तोंडाचा क्रोफूट लावतात. तो सरळ लावला तर पान्याची लांबी वाढते आणि दाखवलेल्यापेक्षा जास्त जोर बसतो. काटकोनात लावला तर आकडा जवळपास तोच राहतो.