वेग घेणं वेगळं, वेगात पळणं वेगळं

शंभर मीटरची वेळ कमी करायला मैदानावर उतरलेल्या मुलामुलींना बहुतेक ठिकाणी तेच दोन सल्ले मिळतात: पुढे झुकून पळ आणि पाय लांब टाक. त्यातला ‘पुढे झुक’ पहिल्या वीस मीटरला बरोबर आहे, पन्नासाव्या मीटरला चूक. ‘पाय लांब टाक’ हा तर दोन्हीकडे चूक. ही गल्लत होते, कारण शंभर मीटरमध्ये दोन वेगवेगळी कामं एकापाठोपाठ करायची असतात. आधी शून्यापासून वेग घ्यायचा, म्हणजे ॲक्सिलरेशन. मग कमावलेल्या पूर्ण वेगात पळायचं, म्हणजे टॉप स्पीड. दोन्हीला आपण सरसकट ‘स्पीड’ म्हणतो आणि सरावही सरसकट करतो.

उसेन बोल्टने 16 ऑगस्ट 2009 रोजी बर्लिनला 9.58 सेकंदांची शर्यत मारली. तिचे दहा-दहा मीटरचे तुकडे पाहिले की फरक लगेच दिसतो. पहिल्या दहा मीटरला 1.89 सेकंद (स्टार्टच्या आवाजानंतर हलायला गेलेले 0.146 सेकंद त्यातच आले), मग 0.99, 0.90, 0.86, 0.83, 0.82. 60 ते 70 मीटरचा तुकडा 0.81, हा सगळ्यात वेगवान. त्यानंतर 0.82, 0.83, 0.83. म्हणजे वेग साठ मीटरच्या पुढेपर्यंत वाढतच होता, आणि शेवटच्या तीस मीटरमध्ये बोल्टसुद्धा किंचित मंदावत होता. नवखा धावपटू याआधीच, साधारण 30 ते 50 मीटरच्या दरम्यान, आपल्या टॉप स्पीडला पोचतो आणि मग जास्त मंदावतो.

‘शेवटी गिअर टाकला’ हे आपण कौतुकाने म्हणतो, पण शंभर मीटरच्या शेवटी कुणी वेग वाढवत नाही. 1991 साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत अमेरिकेच्या कार्ल लुईसने आपल्याच देशाच्या लेरॉय बरेलला शेवटच्या टप्प्यात गाठून 9.86 विरुद्ध 9.88 असं हरवलं. लुईसचा टॉप स्पीड जास्त होता आणि तो कमी मंदावला, म्हणून तो उसळल्यासारखा दिसला.

आता शरीर काय करतं ते पाहू. सुरुवातीच्या पावलांत काम असतं जमीन मागे ढकलण्याचं. टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका तिरक्या रेषेत, नडगीही पुढे कललेली, पाऊल कमरेच्या खाली किंवा किंचित मागे पडतं. टाच वर नितंबाकडे जात नाही, पाय जमिनीलगतच पुढे येतो. पहिल्या पावलांना चवडा जमिनीवर साधारण 0.18 ते 0.20 सेकंद टेकलेला असतो, म्हणजे मांडी आणि नितंबाच्या स्नायूंना गुडघा-कंबर पूर्ण सरळ करून रेटा द्यायला वेळ मिळतो. इथे ताकद कामाला येते.

टॉप स्पीडला तो वेळच उरत नाही. चांगल्या धावपटूचं पाऊल तेव्हा जेमतेम 0.09 ते 0.10 सेकंद जमिनीला लागतं. एवढ्यात मागे ढकलत बसणं शक्य नसतं. जमिनीवर वरून खाली जोरात प्रहार करायचा आणि उसळायचं. म्हणून अंग ताठ, कंबर उंच, गुडघा समोर वर येतो आणि पाऊल वरून खाली येऊन शरीराच्या जरासं पुढे पडतं. घोटा घट्ट हवा. तो सैल पडून टाच टेकली, की उसळी तिथेच जिरते. मांडीच्या मागचा स्नायू, हॅमस्ट्रिंग, इथे सर्वांत जास्त ताणला जातो. पाय पुढे झेपावून खाली येताना त्याला ब्रेक लावण्याचं काम तोच करतो. स्प्रिंटरची हॅमस्ट्रिंग बहुतेक वेळा पूर्ण वेगात पळताना दुखावते ती यामुळेच.

चुकाही म्हणूनच वेगळ्या. वेग घेताना नेहमी दिसणारी चूक म्हणजे तिसऱ्या-चौथ्या पावलाला मान वर काढून समोर बघणं. मान उठली की छाती उठते, नडगी उभी होते, आणि ढकलायचा कोन गेला. याच्या उलट, मुद्दाम वाकून राहणंही घातक. कंबरेत मोडून डोकं खाली घातलं तर तो झुकाव दिखाऊ असतो. खरा झुकाव घोट्यापासून येतो आणि प्रत्येक पावलागणिक थोडा थोडा आपोआप उलगडतो. टॉप स्पीडला मात्र पाय लांब टाकण्याचा हट्ट नडतो. पाऊल शरीराच्या फार पुढे पडतं, टाचेवर येतं आणि प्रत्येक पाऊल ब्रेक लावतं. स्ट्राइड, म्हणजे एका पावलाचं अंतर, लांब होते ती जोराच्या प्रहारातून, पाय ताणून नाही. जबडा आवळणं, खांदे कानापर्यंत नेणं हेही इथलंच दुखणं.

वेग घेण्याच्या सरावाला अंतर छोटं हवं: 10 ते 30 मीटर. उभ्याने, एक गुडघा टेकून किंवा एक हात जमिनीवर ठेवून सुरुवात करा. एका सत्रात एकूण 200 ते 300 मीटर पुरेत, उदाहरणार्थ 10 मीटर चारदा, 20 मीटर चारदा, 30 मीटर तीनदा. विश्रांती दर दहा मीटरला निदान एक मिनिट. सौम्य चढावर किंवा टायर ओढून पळणं उत्तम, कारण दोन्हीत अंग आपोआप तिरकं राहतं. टायरची दोरी कमरेला बांधा आणि चार-पाच मीटर लांब ठेवा. नेहमीच्या 20 मीटरच्या वेळेपेक्षा पावपटीहून जास्त वेळ लागू लागला, तर नवख्यासाठी ओझं जड झालं.

टॉप स्पीडसाठी फ्लाइंग स्प्रिंट. मैदानावर फक्कीने तीन रेषा मारा: 0, 30 आणि 50 मीटर. पहिल्या तीस मीटरमध्ये हळूहळू वेग वाढवा, पुढचे वीस पूर्ण वेगात पण मोकळ्या अंगाने, मग आणखी तीस मीटरमध्ये सावकाश थांबा. तीन ते पाच वेळा, मध्ये पाच-सहा मिनिटं विश्रांती. एवढी विश्रांती मुलांना आळस वाटतो आणि ती एक मिनिटावर आणतात. तिथेच घात होतो. दहा वेळा शंभर मीटर मिनिटभराच्या विश्रांतीने पळलात तर दम वाढतो, वेग नाही, कारण तिसऱ्या फेरीपासून कुणीच पूर्ण वेगाला पोचत नाही. पोलीस भरतीच्या तयारीत हे फार होतं. मुलं आधी 1600 मीटर आणि मुली 800 मीटर पळतात आणि थकलेल्या पायांनी शंभर मीटरचा सराव करतात. क्रम उलटा हवा: वॉर्मअपनंतर ताज्या पायांनी स्प्रिंट, लांब पळणं नंतर किंवा दुसऱ्या दिवशी.

तुमचं दुखणं कुठलं हे ओळखायला दोन आकडे पुरतात: थांबलेल्या स्थितीतून 30 मीटर आणि फ्लाइंग 20 मीटर. समजा दोघंही शंभर मीटर सुमारे 12.5 सेकंदांत मारतात. एकाचे पहिले तीस 4.3 सेकंदांत, पण फ्लाइंग वीस 2.26. दुसऱ्याचे तीस 4.6 आणि फ्लाइंग 2.18. पहिल्याला फ्लाइंग स्प्रिंट हवेत, दुसऱ्याला चढ आणि टायर. दोघांना तोच सराव दिला तर एकाचे दिवस वाया. स्टॉपवॉचपेक्षा मोबाइलचं स्लो-मोशन बरं: सेकंदाला 240 फ्रेमच्या चित्रणात पाऊल जमिनीवर किती फ्रेम आहे तेही मोजता येतं. टॉप स्पीडला 24 फ्रेम म्हणजे 0.10 सेकंद.

आठवड्यात वेग घेण्याची दोन सत्रं आणि फ्लाइंगचं एक, मध्ये निदान 48 तास. अगदी नवख्याने पहिले तीन-चार आठवडे फ्लाइंग 90 टक्क्यांवरच ठेवावं, पण पूर्ण बंद करू नये. महिनोन्महिने पूर्ण वेग न चाखलेली हॅमस्ट्रिंग चाचणीच्या दिवशी अचानक त्या वेगाला जाते आणि फाटते. वेळ मागच्या फेरीपेक्षा 3 टक्क्यांहून जास्त वाढली किंवा मांडीमागे ओढल्यासारखं वाटलं, की त्या दिवशीचं पळणं तिथेच थांबवा, उरलेल्या फेऱ्या असल्या तरी.