पेडल स्टीलचा अ‍ॅम्प : दमसासाचा शोध

पेडल स्टील गिटार म्हणजे आडवी ठेवून पोलादी बारने वाजवायची, पेडलांनी तारांचा सूर बदलणारी गिटार. ती वाजवणाऱ्याचा उजवा पाय बघावा. डावा पाय वाद्याखालच्या पेडलांवर फिरत असतो, गुडघे लिव्हरांना ढकलत असतात, डाव्या हातात पोलादाचा गुळगुळीत बार असतो आणि उजव्या हाताच्या अंगठ्यात व दोन बोटांत नख्या असतात. हे सगळं लगेच नजरेत भरतं. उजवा पाय मात्र व्हॉल्यूम पेडलवर शांत टेकलेला असतो, आणि ऐकणाऱ्याला भुलवणारं निम्मं काम तोच करत असतो. तार छेडताना ते पेडल अर्धवटच दाबलेलं असतं, म्हणून छेडल्याचा टणत्कार बेताचा येतो. मग स्वर विझू लागतो तसा पाय हळूहळू पुढे झुकतो. तारेतून जेवढं कमी होतं तेवढं पाय भरून काढतो. स्वर गजाने काढल्यासारखा सलग राहतो.

या वाद्यासाठी अ‍ॅम्प (आवाज मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) कोणता निवडायचा, या प्रश्नाचं मूळ या पायात आहे. पेडल अर्धं दाबून नेहमीचा आवाज मिळायला हवा असेल, तर अ‍ॅम्पचा नॉब गिटारवाल्यापेक्षा बराच पुढे ठेवावा लागतो. आणि एक लांब स्वर टिकवत पाय पुढे गेलेला असतानाच पुढची तार छेडली गेली, तर तो टणत्कार पूर्ण ताकदीनिशी अ‍ॅम्पवर आदळतो. तो क्षण न फाटता निभावला पाहिजे. गवयाच्या बाबतीत आपण ज्याला दमसास म्हणतो, तोच इथे अ‍ॅम्पकडे लागतो: नेहमी वापरायची नाही, पण मागे कायम शिल्लक हवी अशी ताकद. छोट्या हॉलमध्ये वाजवायला निघालेला स्टीलवाला २०० वॅटचा अ‍ॅम्प का उचलतो, हे त्याशिवाय कळत नाही. त्याला मोठ्याने वाजवायचं नसतं, निर्मळ वाजवायचं असतं.

ही गरज एका दिवसात उभी राहिली नाही. मांडीवर आडवी ठेवलेल्या गिटारवर पोलादी तुकडा सरकवून वाजवण्याची रीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हवाई बेटांवर रुजली. तिचं श्रेय सहसा ओआहू बेटावरच्या जोसेफ केकुकूला दिलं जातं. १९१५ साली सॅन फ्रान्सिस्कोत भरलेल्या जागतिक प्रदर्शनानंतर हवाईयन संगीताचं वेड अमेरिकाभर पसरलं. पण बँडमध्ये भोंगे आणि ढोल आले की मांडीवरची गिटार ऐकूच येत नसे. विजेवर वाजणारी आणि बाजारात विकली गेलेली पहिली गिटार या अडचणीतून जन्मली. जॉर्ज बोशँप आणि अ‍ॅडॉल्फ रिकनबॅकर यांची १९३२ साली विक्रीला आलेली ती गिटार म्हणजे लांब दांड्याचा, गोल तव्यासारखा अ‍ॅल्युमिनियमचा ओतीव तुकडा. तिचं नावच ‘फ्राइंग पॅन’ पडलं, आणि ती उभी धरायची नव्हती, मांडीवर ठेवायची होती. गिटारच्या इतिहासात ही गोष्ट नेहमी ओझरती येते, पण मला ती मध्यवर्ती वाटते. विजेची गिटार आणि तिचा अ‍ॅम्प ही जोडी आधी स्टीलसाठी जमली. उभी गिटार मागाहून आली.

लिओ फेंडरचंही तसंच. कॅलिफोर्नियातल्या फुलरटन गावात त्याचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. १९४५ च्या सुमारास डॉक कॉफमनबरोबर त्याने जो माल बनवून विकला, तो लॅप स्टील, म्हणजे मांडीवरची बिनपेडलची स्टील, आणि तिच्यासोबतचा छोटा अ‍ॅम्प. त्या अ‍ॅम्पची ताकद जेमतेम होती. नॉब पुढे नेला की आवाज फाटायचा, पण एका वेळी एक-दोन तारा वाजवणाऱ्याला ते चालून जाई.

पेडल आली आणि हे गणित बिघडलं. पेडल दाबून तारांचा सूर बदलण्याची यंत्रणा गिब्सन कंपनीच्या इलेक्ट्राहार्पमध्ये १९४० च्या सुमारासच आली होती. १९४८ साली वाद्यं घडवणाऱ्या पॉल बिग्सबीने स्पीडी वेस्ट या वादकाला पेडलवाली स्टील बनवून दिली. तरी सुरुवातीला बहुतेक जण पेडलाचा वापर तारा सुरात लावण्याच्या एका जुळणीवरून दुसऱ्या जुळणीवर उडी मारण्यापुरताच करत. वेब पिअर्सच्या ‘स्लोली’ या गाण्यात बड आयझॅक्सने तार वाजत असतानाच पेडल दाबलं. एका कॉर्डमधले, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छातले, दोन स्वर जागेवर थांबले आणि तिसरा मींडेसारखा वर सरकत त्यांना जाऊन मिळाला. १९५४ साली ते गाणं अमेरिकेच्या कंट्री यादीत पहिल्या क्रमांकावर पोचलं, आणि स्टील वाजवणाऱ्या प्रत्येकाला पेडल हवी झाली.

अ‍ॅम्पच्या दृष्टीने खरा पेच इथेच आला. कॉर्डच्या आतली हालचाल ऐकवायची, तर प्रत्येक तार वेगळी कळली पाहिजे. अ‍ॅम्प फाटला की दोन स्वरांच्या बेरजा-वजाबाक्यांतून तिसरेच स्वर तयार होतात. षड्ज-पंचम एवढंच वाजत असेल तर ते उपरे स्वर त्याच कुटुंबातले निघतात आणि आवाज भारदस्त वाटतो. त्यात गंधार, धैवत, निषाद मिसळले की गाळ होतो. स्टीलच्या जुळण्या तर नेमक्या अशा भरगच्च स्वरांच्याच: वाद्यावर शेजारी-शेजारी असलेल्या तारांच्या दोन ओळींपैकी (त्यांना गळे म्हणतात) एका गळ्याची ई-नाइन्थ आणि दुसऱ्याची सी-सिक्स्थ. ज्या फाटण्याने पुढे रॉक गिटारला तिचा चेहरा मिळाला, त्याच फाटण्याने स्टीलचा चेहरा पुसला जातो.

स्टीलवाल्यांना मनासारखं मिळालेलं पहिलं उत्तर माझ्या मते बॉब क्रुक्सचा स्टँडेल. बिग्सबीच्या सांगण्यावरून क्रुक्सने हा अ‍ॅम्प जमवला आणि १९५३ साली त्यातला एक स्पीडी वेस्टच्या हाती आला. मॉडेलचं नाव ‘२५ एल १५’, आणि त्या नावातच सगळं सांगितलेलं आहे: २५ वॅट, लान्सिंगचा (म्हणजे जेबीएलचा) स्पीकर, १५ इंची. त्यातला जेबीएल डी-१३० हा स्पीकर खास गिटारसाठी घडवलेला नव्हता. त्याची व्हॉइस कॉइल (पडदा हलवणारं तारेचं वेटोळं) ४ इंच व्यासाची, मधोमध अ‍ॅल्युमिनियमची चकाकती टोपी, आणि एका वॅटमधून तो इतरांपेक्षा पुष्कळ जास्त आवाज काढायचा. व्हॉल्व्हमधून, म्हणजे जुन्या रेडिओतल्यासारख्या काचेच्या नळ्यांतून, जादा ताकद काढणं महाग असण्याच्या त्या काळात दमसास वाढवायचा हा शहाणा मार्ग होता.

१५ इंची स्पीकरची सवय स्टीलवाल्यांना तिथून जडली आणि पुढची अनेक वर्षं सुटली नाही. तिला कारणंही आहेत. साध्या गिटारची सगळ्यांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्झवर बोलते, तर सी-सिक्स्थ गळ्याची दहावी तार ६५ वर. तो खर्ज अंगासकट ऐकवायला मोठा पडदा लागतो. दुसऱ्या टोकाला ई-नाइन्थची तिसरी तार इंचाच्या अकरा हजारांश जाडीची. ती मोकळीच ४१५ हर्ट्झवर वाजते आणि चोविसाव्या पट्टीवर गेली की १६६० वर पोचते. त्यावर कडक पोलादी बार आणि जोरकस पिकअप! लहान, तिखट स्पीकरवर हा स्वर कानात सुईसारखा टोचतो. मोठ्या कागदी पडद्याला त्या वेगाने हलणं जमत नाही, म्हणून त्याची धार आपोआप बोथट होते.

१९६३ साली फेंडरने ट्विन रिव्हर्ब आणला. ८५ वॅट, १२ इंची दोन स्पीकर आणि आवाजाला घुमारा देणारा स्प्रिंगवाला रिव्हर्ब. स्टीलवाल्यांनी तो लगेच उचलला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये किंक्स बँडच्या डेव्ह डेव्हिसने आवाज मुद्दाम फाटावा म्हणून आपल्या छोट्या अ‍ॅम्पच्या स्पीकरचा पडदा ब्लेडने चिरला. दोन वाद्यांच्या वाटा वेगळ्या झाल्याचं याहून स्पष्ट चित्र मला माहीत नाही. गिटारवाल्याला अ‍ॅम्प लवकर फाटायला हवा होता, स्टीलवाल्याला तो कधीच फाटायला नको होता. सत्तरच्या दशकाच्या शेवटी फेंडरने ट्विनची ताकद १३५ वॅटवर नेली, तेव्हा अनेक गिटारवाल्यांनी तो फार कोरडा म्हणून बाजूला सारला. स्टीलवाल्यांना तो जड होता, पण हवा होता.

वॅटच्या आकड्यांनी मात्र फसू नये. २५ वॅटचा अ‍ॅम्प सोडून २०० चा घेतला तर ताकद आठपट होते, पण कानाला फरक जाणवतो ९ डेसिबलचा, म्हणजे आवाज दुप्पट झाल्यासारखाही पुरता वाटत नाही. ही आठपट ताकद सगळी राखीव खात्यात जाते.

व्हॉल्व्हवर एवढी ताकद काढायची तर ट्रान्सफॉर्मर जड, भांडं जड, खर्च जड. ट्रान्झिस्टर हे उत्तर दिसत होतं, पण सुरुवात वाईट झाली. कंपनी सीबीएस या अमेरिकन प्रसारण कंपनीच्या ताब्यात गेल्यावर १९६६ साली फेंडरने काढलेली ट्रान्झिस्टर अ‍ॅम्पची मालिका भरवशाची निघाली नाही. स्टँडेलनेही तोच रस्ता धरला, रसायनात ओतून बंद केलेली मोड्यूल्स वापरली. ती बिघडू लागली आणि उघडून दुरुस्तही करता येईनात. वादकांचा विश्वास उडाला.

तो परत मिळवला मिसिसिपीतल्या मेरिडियन गावच्या हार्टली पीव्हीने. १९६५ साली सुरू झालेल्या त्याच्या कंपनीने सत्तरच्या दशकात स्टीलवाल्यांना समोर ठेवून सेशन ४०० बनवला. नावात ४०० असले तरी सलग ताकद २०० वॅट, आणि स्पीकर १५ इंची. पुढे पीव्हीने ब्लॅक विडो हा स्वतःचा स्पीकर काढला. त्याचा पडदा चौकटीसकट चुंबकावरून सोडवून दुसरा बसवता येई. कार्यक्रमाच्या आदल्या रात्री स्पीकर गेलेल्या माणसालाच या सोयीची किंमत कळेल. ऐंशीच्या दशकातला नॅशव्हिल ४०० हा त्याच वंशातला, आणि कित्येक वर्षं स्टीलवाल्याच्या मागे अ‍ॅम्प म्हणून तोच दिसायचा.

गिटारवाले ट्रान्झिस्टरच्या आवाजाला निर्जीव म्हणत. स्टीलवर तो दोष फारसा उरत नाही, कारण स्वरातला जीव बार आणि पाय यांतूनच येतो. अ‍ॅम्पने तो फक्त न बिघडवता पुढे पोचवायचा असतो. नॅशव्हिल ४०० वरचा ‘शिफ्ट’ नावाचा नॉब या दृष्टीने फार समजून दिलेला आहे. मधल्या पट्टीतला नेमका कोणता भाग कमी-जास्त करायचा, ते त्यावर ठरवता येतं. तो ८०० हर्ट्झच्या आसपास ठेवून मिड कमी करायचा, हे स्टीलवाल्यांचं जुनं सांगणं. तसं केलं की स्वराचा नाकातून बोलल्यासारखा गेंगाणेपणा जातो. नवा अ‍ॅम्प पारखताना मी तरी आधी हेच विचारेन: मिड कुठे कापायचा ते ठरवता येतं का? ट्रेबल आणि बास सगळ्यांनाच असतात.

नियमाला एक सुंदर अपवाद आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ‘हाउस ऑफ गॉड’ या चर्चमध्ये १९३० च्या दशकापासून ऑर्गनच्या जागी स्टील वाजते. ट्रोमन आणि विली ईझन या भावांनी ती प्रथा रुजवली. तिथे स्टील गाते, रडते, आरोळी ठोकते, आणि भक्तीच्या भरात अ‍ॅम्प फाटला तरी कोणाला वावगं वाटत नाही. रॉबर्ट रँडॉल्फ याच परंपरेतून आला. त्याचं वादन बहुतेक एकेका स्वराचं, गळ्यासारखं, म्हणून फाटलेला आवाज तिथे अर्थ गमावत नाही. नॅशव्हिलच्या धाटणीचे भरगच्च कॉर्ड वाजवणाऱ्याने ते ऐकून तसा अ‍ॅम्प घेऊ नये.

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत प्रश्न वजनाचा झाला. वादक म्हातारे झाले, आणि ट्विन म्हणजे जवळपास २९ किलो. पीव्हीनेच नॅशव्हिल ११२ काढला, १२ इंची स्पीकर आणि ८० वॅटचा. १५ इंचांचा आग्रह सैल झाला तो इथे. ध्वनियंत्रांच्या धंद्यात आयुष्य घालवलेल्या पॅट क्विल्टरने क्लास-डी या हलक्या अ‍ॅम्पांच्या तंत्रावर स्टीलसाठी स्टीलएअर आणला: २०० वॅटची ताकद, पण एका हातात उचलता येईल असा. उलट दिशेने सॅन फ्रान्सिस्कोतली मिल्कमन कंपनी. तिचा कर्ता स्वतः स्टील वाजवतो, आणि त्याने व्हॉल्व्हचेच पण स्टीलच्या गरजेचे अ‍ॅम्प पुन्हा घडवायला घेतले. दोन्ही वाटा खऱ्या आहेत. पाठ दुखत असेल तर पहिली.

आपल्याकडे पेडल स्टील क्वचित दिसते, पण तिची बिनपेडलची बहीण ‘हवाईयन गिटार’ म्हणून घरोघरी ऐकली गेली. मुंबईत व्हॅन शिपली आणि हजारा सिंग यांनी तिच्यावर सिनेगीतांच्या धून वाजवल्या. मराठी घरांतल्या रेडिओनेही त्या ऐकवल्या. तोच नाद धरून आज कोणी पेडल स्टील मागवत असेल, तर जुना अमेरिकन अ‍ॅम्प घेताना मागची माहितीची पट्टी आधी वाचावी. तो बहुधा १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झसाठी असतो. आपल्या २३० व्होल्टसाठी स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर मिळतो, पण तो ५० हर्ट्झचे ६० करत नाही. ६० हर्ट्झसाठी बेताने गुंडाळलेला जुना ट्रान्सफॉर्मर आपल्या विजेवर जास्त तापतो. हलक्या नव्या अ‍ॅम्पांच्या सप्लायला अनेकदा १०० ते २४० व्होल्ट चालतात, आणि तसं पट्टीवर छापलेलं असतं. जुनाच घ्यायचा ठरला, तर तासभर पूर्ण आवाजात वाजवून ट्रान्सफॉर्मरजवळ हात नेऊन बघावा, आणि मगच पैसे द्यावेत.